उन्हाळीचा गठ्ठा

शेटे सरांबरोबर चहा प्यायला बसणं ही शिक्षा होती. आष्टीच्या स्टँडसमोर एक हॉटेल होतं, त्याच्या बाहेरच्या बाकड्यावर ते नेहमी रस्त्याकडे तोंड करून बसत. चहा बशीत ओतत आणि तो निवेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत. बघत म्हणजे तोंडाकडे नाही, कमरेकडे. बाजाराचा दिवस असला की माणसांना तोटा नसे. कुणी शेळी ओढत चाललेला, कुणी डोक्यावर पोतं घेतलेला. त्यात पन्नाशीच्या पुढचा एखादा जरा वाकून, एक हात कमरेवर दाबून चालताना दिसला की सर बशी खाली ठेवत.

"बाई, ह्याला किती दिवस झाले असतील?"

"सर, ओझं उचलून कंबर धरली असेल त्याची."

"असेल. तसंच असू दे," ते म्हणत आणि तो माणूस गर्दीत दिसेनासा होईपर्यंत बघत राहत. नंतर चहा माझ्या घशाखाली उतरत नसे. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, या माणसाबरोबर काम करायचं म्हणजे रोज थोडं थोडं स्मशानात जाऊन येणं आहे. नवरा म्हणायचा, मग सोड. मी काही सोडलं नाही.

डॉक्टर मन्मथ शेटे हे परळी तालुक्यातल्या धर्मापुरीच्या एका किराणा दुकानदाराचे चिरंजीव. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, त्याची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. मुंबईत मोठी पदवी घेतली, परदेशात एका प्रयोगशाळेत काही वर्षं काढली, आणि बायको वारल्यावर सगळं आवरून आपल्या जिल्ह्यात परत आले. मूलबाळ नव्हतं. विषय जन्मभर एकच धरला, म्हाताऱ्या पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर. लोक विचारत, डॉक्टर, तुम्ही डोळ्यांचे का हृदयाचे? सर अगदी शांतपणे सांगत, "मुताच्या वाटेचा." विचारणाऱ्याचं तोंड तिथंच बंद होई.

शिरूर कासारच्या रस्त्यावर एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. खर्च मुंबईची एक संस्था चालवी. मी तिथं तंत्रज्ञ होते. रक्त काढायचं, काचपट्ट्या रंगवायच्या, गावोगाव फॉर्म भरायचे. खेड्यात मला नाव नव्हतं, मी 'रक्तवाल्या बाई'. दिवस असे की परदेशी मालाला नुकतीच दारं उघडली होती. आष्टीत विलायती कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या होत्या, फाट्याफाट्यावर एसटीडीचे बूथ उभे राहत होते, आणि आमच्याकडे ग्रंथीचा कॅन्सर रक्तावरून हेरणारी परदेशी किट येऊ लागली होती. पूर्वी ज्यांच्या परवान्याचे कागद वर्षभर फिरायचे, ती किट बर्फात घालून महिन्याभरात दारात. पहिलं खोकं आलं तेव्हा सरांनी ते स्वतः उघडलं, मला हात लावू दिला नाही. आतला कागद तीनदा वाचला. मग म्हणाले, "आता कळंल आपल्याकडं काय हाय ते." एरवी ते शुद्ध बोलत, पण मनातलं काही बाहेर आलं की धर्मापुरी बाहेर येई.

सरांच्या खिशात कायम एक सुपारी असे. खात नसत. माणसाला समजावायला ती लागे. "आत, मुताच्या पिशवीखाली, एवढी एक गाठ असते. सगळ्या बाप्यांना असते. वय झालं की ती वाढते. कुणाची नुसती वाढते, कुणाची नासते. नासलेली कळायच्या आत हाडांत जाते." हे सांगताना ते सुपारी त्या माणसाच्या तळहातावर ठेवत आणि त्याची बोटं मिटवत. म्हातारे ती मूठ उघडायला घाबरत. त्यामुळे त्यांचं नाव पडलं सुपारीवाला डॉक्टर. एकदा बीडच्या एका हवालदारानं हे नाव नुसतं ऐकलं आणि वेगळाच अर्थ काढून चौकशीला आला. सरांनी त्यालाही बसवून घेतलं, सुपारी हातात दिली, आणि वय विचारलं. हवालदार चहा न घेताच गेला.

किट मोजकीच मिळत. म्हणून ज्याला काही त्रास आहे त्याचंच रक्त घ्यायचं आणि त्यालाच सरांनी तपासायचं असं ठरलं होतं. त्रास आहे की नाही, ते माझ्या हातच्या फॉर्मवरून ठरे. सगळी भानगड इथंच झाली.

भागूजीचा फॉर्म मला अजून आठवतो. भागूजी मेंढरंवाला, साठीच्या आसपासचा, उंच, सावळा. शिरूरच्या पुढं एका काढलेल्या रानात त्याची मेंढरं बसली होती. सुंदराबाई, त्याची बायको, चुलीपाशी. सर त्याच्या घोंगडीवर मांडी घालून बसले. मी प्रश्न वाचत होते.

"रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"बाई, मेंढरं हायेत. लांडगं येत्यात. मी रातभर जागाच असतो. उठलो की जातो."

"धार बारीक झाली का?"

त्यानं सुंदराबाईकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "हे कावून इच्यारता?"

सरांनी सुपारी दिली, सांगायचं ते सांगितलं. भागूजीनं ती उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली. "माजी न्हाई वाढली."

"जळजळ होते?"

"उन्हाळी हाय वाईच. ती काय, समद्यांनाच असती."

लघवीला जळजळ होणं, थेंब थेंब होणं, सारखं जावं लागणं, या सगळ्याला आमच्याकडे एकच शब्द, उन्हाळी. उन्हाळी लागते, तशी जाते. तिला कुणी आजार म्हणत नाही, शिंकेला म्हणत नाहीत तसंच. रात्री धने भिजत घालायचे, सकाळी ते पाणी प्यायचं, फार झालं तर सब्जा. सरांच्या वडिलांच्या दुकानात धने-खडीसाखरेची पुडी बांधून मिळायची, तिला गिऱ्हाईक उन्हाळीची पुडीच म्हणायचं. आमच्या रानात पाणी कमी, ऊन जास्त, उन्हाळी कुणाला नव्हती ते विचारावं.

मी पेन उचलून विचारलं, "सर, उन्हाळी लिहू?"

"लिहा. मोजू नका."

मी लिहिलं आणि खाली 'त्रास नाही' यावर खूण केली. सरांनी सही केली. सुंदराबाईनं आम्हाला मेंढीच्या दुधाचा चहा दिला, आणि सर निघताना भागूजीच्या घोंगडीची ऊब किती छान आहे असं काहीसं बोलले. भागूजीचं रक्त घेतलं नाही. घ्यायचं कारणच नव्हतं.

दोन वर्षं आम्ही अशी गावं पालथी घातली. फॉर्मनी कपाट भरलं. त्यातून जे निघालं त्यानं सरांचं आयुष्य पालटलं. जगभर म्हाताऱ्यांना छळणारा हा कॅन्सर आमच्या दुष्काळी जिल्ह्यातल्या कष्टकरी पुरुषांना जवळजवळ होतच नाही, असं सरांनी लिहिलं. ते परदेशी मासिकात छापून आलं. एसटीडीवाल्याच्या फॅक्सवर बाहेरून निमंत्रणं येऊ लागली. तो बिचारा कागद फाडून सायकलवर आणून द्यायचा आणि चहासाठी थांबायचा. बीडला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि एका पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं की आपल्या ज्वारीच्या भाकरीत हा गुण आहे, तो साहेबांच्या पावात नाही. टाळ्या पडल्या. सर खाली मान घालून हसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात सगळ्यांना पेढे वाटले. मी त्यांना मनापासून आनंदात पाहिलं ते तेवढंच.

पाडवा झाला आणि ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत येऊ लागल्या. एक दिवस आष्टीकडच्या एका माणसाला बाजेवर घालून आणलं. कारखान्यावर ऊस वाहताना कंबर धरली, मग पाय हलेनात. भाऊबंद म्हणत होते, मोळीनं मणका सरकलाय. सरांनी एक्स-रे काढायला लावला. फोटो उजेडाला धरला तर मणके खडूसारखे पांढरेफटक, नासलेली गाठ हाडांत उतरली की होतात तसे. सरांनी फोटो टेबलावर ठेवला. मग त्याच्या बायकोकडे वळले.

"आधी काय होत होतं?"

"काय न्हाई वो. चांगलं होतं की."

"मुतायला?"

ती लाजली. पदर ओढला. "ते काय, वरीस-दीड वरीस उन्हाळी होती. धने देत होते मी."

सर आतल्या खोलीत गेले, कपाट उघडलं आणि फॉर्म जमिनीवर ओतले. मला म्हणाले, "बाई, बसा. ज्याच्यावर उन्हाळी लिहिलंय तो इकडं टाका." आम्ही संध्याकाळपर्यंत ते करत होतो. माझंच अक्षर. उन्हाळी, उन्हाळी, वाईच उन्हाळी, उन्हाळी होती आता बरी आहे. गठ्ठा गुडघ्याला लागला. त्या गठ्ठ्यातल्या एकालाही आम्ही तपासलं नव्हतं. बाजेवरच्या माणसाचा फॉर्मही त्यातच सापडला.

मला रडू कोसळलं. म्हटलं, माझी चूक झाली. सर म्हणाले, "तुमची नाही. बाहेरचा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, उन्हाळी म्हणजे काय. मी इथला. मला म्हाईत होतं. म्हणून मी विचारलं न्हाई." आणि ते तिथंच फॉर्मांमध्ये बसून राहिले. दिवा लावला तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीडी बूथवर जाऊन त्यांनी मुंबईच्या संस्थेच्या साहेबांना फोन लावला. मी दाराशी उभी होते. तिकडचं ऐकू येत नव्हतं. सर म्हणत होते, "न्हाई साहेब, पुढच्या अहवालात दुरुस्ती न्हाई चालणार. छापलेलं मागं घ्यायचं." मग तिकडचं ऐकत राहिले. मग, "एकच माणूस हाय म्हणूनच म्हणतो. बाकीचे अजून आलेच न्हाईत." शेवटी म्हणाले, "माझं नाव जाईल ते जाऊ द्या. तुमचं मी घेणार नाही त्यात." फोन ठेवला आणि बूथवाल्याला सुटे दिले, मोजून.

त्यानंतरचं सगळं पटापट झालं. परदेशी मासिकात सरांचं पत्र छापलं गेलं की माझा निष्कर्ष चुकीचा आहे. निमंत्रणं बंद झाली. संस्थेनं गावोगाव फिरायला दिलेली जीप परत मागवली. शीतपेटीत होती तेवढी किट उरली, नवीन येणार नव्हती. बीडच्या वर्तमानपत्रानं सत्काराची बातमी चार रकानी छापली होती, ही दीड ओळही छापली नाही. सत्कार करणारे आता रस्त्यात दिसले की म्हणत, डॉक्टर, कशाला जिल्ह्याची बदनामी करता. भाकरीचा गुण तर लोकांच्या तोंडी कायमचाच बसला. सर त्यावर चिडत नसत. चिडायला त्यांना वेळच नव्हता. गठ्ठ्यातल्या माणसाला त्याची कंबर जायच्या आत गाठायचं, बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं.

आम्ही एसटीनं फिरू लागलो. माझ्या मांडीवर बर्फाची पेटी, सरांच्या मांडीवर गठ्ठा. पद्धत आता बदलली. पुरुषाला विचारायचं नाही, घरच्या बाईला विचारायचं, आणि तेही मी, चुलीपाशी बसून. बाया सांगत. बापडा बाहेर छाती काढून सरांशी बोलत असे आणि आत त्याची बायको बोटांवर मोजून दाखवत असे, रात्रीत किती वेळा दार वाजतं ते. मी बाहेर येऊन सरांना नुसती मान हलवून सांगायची. सर त्याला हात धरून खोलीत नेत.

पण किती घरं अशीही होती, की दारात जी बाई येई तिचं कपाळ मोकळं असे. एकीनं आम्हाला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. म्हणाली, "आता आलाव व्हय? तवा लिहून नेलतं की तुमी." सर म्हणाले, "हो." एवढंच. तिच्यापुढे हात जोडले. एसटीत बसल्यावर त्यांनी तो फॉर्म गठ्ठ्यातून काढून दुसऱ्या पिशवीत घातला. ती पिशवी हळूहळू फुगत होती. तिच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी नजर जायचीच. एखाद्या गावाची पाटी दिसली की माझी पाचावर धारण बसायची, इथं कोणत्या पिशवीचं निघतंय म्हणून.

सरही वाळत चालले होते. केंद्रावर टेबलाच्या कोपऱ्यात एका पेल्यात धने भिजत घातलेले असत. मी एकदा म्हटलं, "ऊन लई आहे यंदा." ते म्हणाले, "लई आहे," आणि पेला रिकामा केला.

भागूजीला आम्ही श्रावणात गाठलं. दोन वर्षं पाऊस नव्हता, मेंढरं विकली होती. तो दारात दावं वळत बसला होता. रक्त घेतलं, केंद्रावर तपासलं तर आकडा नको तेवढा वर, म्हणून परत त्याच्या घरी गेलो. सरांनी आत नेऊन तपासलं, बाहेर आले आणि साबणानं बराच वेळ हात धूत राहिले. मला हळूच म्हणाले, "दगडासारखी हाय. पण कंबर अजून शाबूत आहे. ह्याला थांबवता येईल."

त्या काळी थांबवायचा आमच्या हातातला उपाय एकच होता. पुरुषाची अंडं काढून टाकायची. त्यातून निघणारा रसच या कॅन्सरला पोसतो, तो बंद झाला की वाढ थांबते, काही वर्षं मिळतात. शहरात डॉक्टर हे इंग्रजीत सांगत आणि कागदावर सही घेत. सरांनी भागूजीला सरळ मराठीत सांगितलं, सुंदराबाईसमोर.

भागूजी दावं वळायचं थांबला. "म्हंजी बडवणार मला?"

बडवणं म्हणजे बैल खच्ची करणं. मेंढरांत, गुरांत जन्म गेलेल्या माणसाला दुसरा कुठला शब्द येणार? त्यानं आयुष्यभर ते केलेलं, आपल्या हातानं. सर म्हणाले, "हो. तसंच."

"माजी उन्हाळी बडवल्यावर जाती व्हय डॉक्टर? मग राहू द्या मला उन्हाळी." तो उठला आणि निघून गेला. सर तीनदा त्याच्या घरी गेले. तिसऱ्यांदा तो घरात असून बाहेर आला नाही. दसरा झाला आणि टोळी निघाली, तिच्याबरोबर तो आणि सुंदराबाई कारखान्याला गेले. मुकादमानं त्यांना एक कोयता म्हणून धरलं होतं. तोडीवर माणूस नसतो, कोयता असतो. नवरा आणि बायको मिळून एक.

सरांनी त्याचा फॉर्म गठ्ठ्याच्या वर ठेवला. रोज सकाळी पूजा झाली की तो बघत. "टोळी परत येस्तवर कंबर टिकली पाहिजे," असं कधीतरी स्वतःशीच म्हणत. पौषात मला म्हणाले, "बाई, दोन दिवसांची सुट्टी काढा घरून." आम्ही एसटी बदलत बदलत भीमा ओलांडली, आणि पश्चिमेच्या उसाच्या मुलखात गेलो. तिकडं सगळं हिरवंगार. आम्हा दुष्काळातल्या माणसांना तो हिरवा रंग बघून का कोण जाणे भीतीच वाटते.

दुपारी त्यांची टोळी तोडत होती तो उसाचा फड सापडला. सुंदराबाई वाढं, उसाच्या शेंड्यांचा हिरवा पाला, बांधत होती. भागूजी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होता. फळी वाकत होती. सर खाली उभे राहून बघत होते आणि त्यांच्या हातातला रुमाल पिळला जात होता. तो वर गेला, मोळी टाकली, खाली आला. धड होता.

"कावून आलाव?" तो म्हणाला. रागावला नव्हता, थकला होता. "मी सांगितलं ना. मला न्हाई बडवून घ्यायचं. माणसात ऱ्हायचंय मला."

टोळीतली माणसं जमली होती. मुकादम मोटरसायकलवर पाय टेकून बघत होता. सरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भागूजी, मी बी बडवलेलाच हाय. दोन वर्सं झाली. मला बी हाच रोग हाय."

एकजण हसायला गेला आणि हसू गिळून बसला.

"बघ माझ्याकडं," सर म्हणाले. "बोलतोय का न्हाई? एवढ्या लांब तुझ्यामागं आलो का न्हाई? मी माणसात न्हाई का?"

भागूजी त्यांच्याकडे बघत राहिला. माझे कान तापले होते. सरांनी हे खालच्या मानेनं नाही, मान वर करून सांगितलं होतं, ज्या गोष्टीचा आमच्या भागात माणूस बायकोजवळही उच्चार करत नाही ती मुकादमासमोर सांगितली होती. सुंदराबाईनं वाढं खाली टाकलं आणि माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"बाई, खरं हाय का डॉक्टरांचं?"

मला काहीच माहीत नव्हतं. सरांना घरी कुणी नव्हतं, मी चुलीपाशी बसून विचारावं असं. मी म्हणाले, "खरं आहे."

ती नवऱ्याजवळ गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. भागूजीनं डोक्यावरची चुंबळ काढली आणि तिच्या हातात दिली. मुकादम म्हणाला, कोयता मोडला की माझं काय. सुंदराबाई म्हणाली, "मी हाय की. मी दोघांचं तोडती." आणि ती परत उसात शिरली.

त्याच दिवशी सर भागूजीला घेऊन मुंबईच्या गाडीत बसले. तिथं त्यांच्या ओळखीचे एक सर्जन होते. मी केंद्रावर परत आले, कारण पेटीत टोळीतल्या दुसऱ्या दोघांची रक्तं होती आणि बर्फ वितळत होता.

भागूजी महिन्याभरानं एकटाच आला, सरळ केंद्रावर. जरा उतरला होता, पण चालत आला होता. घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "डॉक्टर खोटं बोलले बगा. त्यांचं काय झालं नव्हतं. तिथं गेल्यावर झालं. आधी त्यांचं केलं, मंग माजं. शेजारच्या खाटंवर व्हते."

"आणि रोग?"

"रोग खरा व्हता." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "माज्यापेक्षा म्होरं गेलता."

मी त्याच आठवड्यात मुंबईला गेले. वॉर्ड लांबलचक होता, सर शेवटून दुसऱ्या खाटेवर उताणे होते. गळ्यातली डबी छातीवर एका बाजूला घरंगळली होती. मला बघून त्यांनी आधी गठ्ठ्यातले किती राहिले ते विचारलं. मी सांगितलं, थोडेच. मग विचारलं, भागूजी चालतो का. मी म्हटलं, चालतो, पाऊस झाला तर मेंढरं घ्यायची म्हणतो. तेव्हा ते हसले.

मला राहवलं नाही. रागच आला होता मला, आणि तो मी लपवला नाही. "सर, एवढ्या लोकांना पकडून पकडून तपासलंत. स्वतःचं कुणाला का नाही सांगितलं?"

त्यांनी छताकडे बघत उत्तर दिलं. "कुणाला सांगायचं बाई? तपासणारा मीच होतो."

नंतर आम्ही शिल्लक फॉर्मांचं बोललो. कोणत्या गावाला एसटी कधी असते, कोणत्या घरची बाई बोलेल, कोणती बोलणार नाही, हे त्यांना सगळं पाठ होतं आणि ते मला लिहून घ्यायला लावत होते. भेटीची वेळ संपली. नर्स येऊन उभी राहिली. मी उठले तर त्यांच्या पावलांवरून चादर सरकलेली होती, आणि डाव्या पायाचा अंगठा खाटेच्या लोखंडी दांडीत अडकून काळानिळा झाला होता. मी वाकून तो सोडवला, पाय सरळ करून ठेवला आणि त्यावर चादर ओढली. सर मला परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारत होते. पायाचं त्यांना काही कळलं नव्हतं.